भागवतच्या डोक्यावरची ओढणी

मागच्या कार्तिकात आमच्या डोंगरकडा गावात बातमी उठली की भागवतच्या अंगात येतं. हळद शिजवायचा कुकर चालवणारा, दारातून वाकून आत शिरावं लागेल एवढा उंच, मिशीला खोबरेल लावणारा भागवत पहाटे डोक्यावर हिरवी ओढणी घेतो, बायकी आवाजात कुणाला तरी हाका मारतो आणि हातात पाण्याचा डबा घेऊन अंगणातून चालत जातो म्हणे. मंगळवारी त्याच्या दारात चार बाया नारळ-लिंबू घेऊन हजर झाल्या. एकीला विचारायचं होतं की सुनेला दिवस कधी जातील. एकीची शेळी हरवली होती.

खोटं कशाला बोलू? बातमीतलं बरंचसं खरं होतं. ओढणी खरी, आवाज खरा, डबाही खरा. अंगात येणं तेवढं गावानं पदरचं घातलं. ही बातमी पिठाच्या गिरणीवर पहिल्यांदा कुणी सांगितली, याची चौकशी करत बसण्यात आता अर्थ नाही. त्याच्या आणि माझ्या घरात भिंत एकच आहे, ती माझ्या खांद्यापर्यंत येते, आणि देवानं मला डोळे दिलेत, एवढंच सांगते.

भागवतच्या अंगात कुणी येत नव्हतं. तो आपल्या आईला लघवीला घेऊन जात होता.

आता हा भागवत म्हणजे काही फार मोठा माणूस नव्हे. बाप संतराम लवकर वारला, तेव्हा ह्याला नुकती मिसरूड फुटली होती. आईनं, म्हणजे मंजुळाबाईनं, दुसऱ्याच्या रानात खुरपून दोन पोरं वाढवली. मोठा भागवत गावात राहिला, धाकटा हरिचंद शिकून नांदेडला नोकरीला लागला. पूर्वी आमच्याकडं हळद मोठ्या कढईत शिजवायचे. भागवतनं ट्रॅक्टरमागं ओढायचा वाफेचा कुकर आणला, आणि तेव्हापासून हळद निघाली की हा माणूस चार महिने घरी दिसायचा नाही. ह्या रानातून त्या रानात. कुकरच्या नळीला हात न लावता, नुसती वाफ बघून सांगायचा, "आता काढा." बायको दहा वर्षांमागं वारली. एकच लेक, आकांक्षा, नांदेडला तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या आणि लघवीच्या बाटल्या. मी तिला चिडवायचे, "काय बाई शिकलीस, बाटल्या मोजायला!" तेव्हा मला काय माहीत, ती विद्या घरातच कामाला येणार आहे.

दोन वर्षांमागं मंजुळामामी विसरायला लागल्या. आधी मिठाचा डबा, मग आठवड्याचे वार, मग माणसं. मला त्या कधी आपली बहीण समजायच्या, कधी गाव मोजायला आलेली बाई. इथपर्यंत ठीक होतं. म्हातारपण म्हटलं की गाव समजून घेतं. पण एक दिवस बसल्या जागी लुगडं ओलं झालं, आणि मग ते रोजच व्हायला लागलं.

मला हे कळलं ते दोरीवरून. बायको नसलेल्या माणसाच्या अंगणात रोज सहा-सहा लुगडी वाळत घातलेली. मी भिंतीवरून विचारलं, "भावजी, लुगड्याचं दुकान टाकलं का?"

"व्हय वहिनी," तो पिळा मारतच म्हणाला. "तुमाला कोन्तं पाह्यजे? समदे धुतलेले हायेत."

गावात पुरुषानं आपला सदरा धुतला तरी लोक थांबून बघतात. हा आईची लुगडी धूत होता. आधी साध्या पाण्यात खळबळायची, मग साबण, मग शेवटच्या बादलीत लिंबू पिळायचं, म्हणजे वास राहत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत शिकला. आईच्या अंथरुणात, गोधडीखाली, त्यानं हळद वाळवायच्या ताडपत्रीचा तुकडा कापून घातला. जुन्या धोतराच्या घड्या घालून वर ठेवल्या.

पण बाकी सगळं त्याचं चुकत होतं. त्यातल्या त्यात त्याचा आवाज. दिवसभर ट्रॅक्टरच्या धडधडीत बोलायची सवय, त्यामुळं अंगणाच्या ह्या टोकाहून ओरडायचा, "आई, लघवीला जायचं काऽऽ?" गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. मामी पदर सावरून म्हणायच्या, "न्हाई." ठसक्यात. आणि थोड्या वेळानं बसल्या जागी ओल्या. वर विचारायच्या, "इथं पानी कुनी सांडलं?"

"तूच सांडलं!" भागवत एकदा असा ओरडला की मी भाकरी तव्यावर सोडून भिंतीपाशी आले. मामी रडत होत्या. लहान लेकरासारखं, हुंदके देऊन. भागवत त्यांच्यासमोर उभा होता आणि त्याचे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत तसंच झालं. मामींनी विचारलं, "पानी कुनी सांडलं?" भागवत म्हणाला, "म्याच सांडलं आई. डबा सुटला हातातून." मामी म्हणाल्या, "धांदरटच हायेस. बापावर गेलास." त्यानंतर त्या घरात पाणी नेहमी भागवतच सांडायचा.

गल्लीनं सल्ले दिले. मेडिकलमधून चड्डीसारखे पॅड आणून बघितले. मामी ते फाडायच्या आणि लपवून ठेवायच्या. एक ज्वारीच्या कोठीत सापडलं, एक देव्हाऱ्यामागं. गाऊन आणला. "म्या काय बाळंतीन हाये का?" म्हणून फेकून दिला. मग गल्लीतल्या एका शहाण्या बाईनं सांगितलं, "भावजी, पाणीच कमी द्या. आत गेलं नाही तर बाहेर कुठून येईल?" त्या बाईचं नाव सांगत नाही. भिंतीला लागूनच राहते.

भागवतनं दुपारनंतर पाणी बंद केलं. दहा दिवसांत मामींना ताप भरला, बडबड वाढली, आणि लघवी कमी व्हायची सोडून थेंब थेंब, घडीघडीला व्हायला लागली. आकांक्षा शनिवारी आली. आजीच्या लुगड्याचा वास घेतला आणि बॅगेतून बाटलीच काढली. दुसऱ्या दिवशी नांदेडहून फोन आला, "पप्पा, आजीला इन्फेक्शन हाये. पाणी कुणी तोडलं?" भागवतनं भिंतीकडं बघितलं. मी खाली वाकून सांडगे मोजत बसले.

कळमनुरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पाणी तोडायचं नाही. दिवसभर घोटघोट द्यायचं, संध्याकाळनंतर जरा कमी. आणि विचारत बसू नका, वेळेवर घेऊन जा. ताप उतरला. पण वेळेवर घेऊन जायचं म्हणजे जायचं कसं? संडास होता की घरात. सरकारी योजनेतून बांधलेला, पांढरी फरशी, पांढरं भांडं, आत नळ. मामी दारापर्यंत यायच्या, आत बघायच्या आणि मागं फिरायच्या. "ही दुसऱ्याची खोली हाये," म्हणायच्या. मग घरभर फिरून दारांच्या मागं वाकून बघायच्या. प्रत्येक दाराच्या मागं, कपाटाच्या मागं. आम्हाला वाटायचं, चोर शोधतात. आणि तिथंच, दाराच्या मागं, व्हायचं ते व्हायचं.

हरिचंदचा फोन आला की बोलणं एकच. "दादा, कुठंतरी ठेवू तिला. नायतर लघवीची नळी बसवू. तू किती दिवस हे करणार?" भागवत म्हणायचा, "बघू." आणि फोन ठेवून बादली उचलायचा. पण एका संध्याकाळी तो भिंतीला टेकून मला म्हणाला, "वहिनी, हळद आली तर म्या जाऊ कसा? अन् न गेलो तर खाऊ काय?" तेव्हा मला काही चेष्टा सुचली नाही. असं फार क्वचित होतं.

वाट सापडली ती खतीजाबीमुळं. खतीजाबी म्हणजे दस्तगीर टेलरची आई, मागच्या गल्लीत राहते, मामींच्याच वयाची. दोघींचे गुडघे गेलेले, म्हणून भेटी तुटल्या होत्या. एक दिवस काठी टेकत, थांबत थांबत ती आली. दुपारचे तीन वाजले असतील. मामी स्वयंपाकघराच्या दारामागं वाकून काही शोधत होत्या. खतीजाबी बघत राहिली आणि खुदकन हसली.

"क्या रे भागवत, हिचा डब्बा कुठं हाये?"

"कोन्ता डबा, खाला?"

"टमरेल रे! दाराच्या मागं ठेवायची न ती."

"ते फेकलं की," भागवत मोठ्या अभिमानानं म्हणाला. "संडास बांधला त्याच वर्सी. आमची गल्ली हागणदारीमुक्त झाली, समद्यांनी टमरेलं भंगारात दिली. पंचायतीनं फोटो बी काढला."

"फोटो काढला!" खतीजाबीनं कपाळाला हात लावला. "चाळीस वर्सं आमी दोघी गेलो. पाटे, अंधारात. हातात डब्बा, अन् संगं कुनीतरी. डब्ब्याबिगर बाई कुठं जाती का? अन् एकटी जाती का कधी? तू मर्द मानूस, अंगनातून भोंगा लावून इचारतो. ती काय व्हय म्हनंल?"

तिनं तेलाचा रिकामा डबा मागितला, पाणी भरायला लावलं, आणि मामींच्या हातात दिला. मग पुढं होऊन, मागं न बघता, हाक मारली, "चल गे मंजुळा. उजेड होईल न!"

भर दुपारी तीनला. आणि मामी उठल्या. डोक्यावर पदर घेतला, डबा पदराआड धरला आणि खतीजाबीच्या मागोमाग संडासात गेल्या. "आले की. थांब," म्हणाल्या. खतीजाबी बाहेर दाराला टेकून उभी राहिली आणि गप्पा मारायला लागली. कुणाच्या? वीस वर्षांमागं वारलेल्या एका सासूच्या. आतून मामी म्हणाल्या, "मेली, वाईटच व्हती." दोघी हसल्या. आणि मामी कोरड्या बाहेर आल्या.

भागवत उंबऱ्यावर बसला होता. तोंड उघडंच. मी भिंतीवर होते. माझंही.

मग माझ्या लक्षात आलं. मामींना नाव घेऊन हाक मारणारं माणूस त्या घरात, त्या गल्लीत उरलंच नव्हतं. पोरं म्हणणार आई, सुना म्हणणार आत्या, मी म्हणणार मामी, नात म्हणणार आजी. आणि आई, आत्या, मामी, आजी ह्यातल्या कुणीच पहाटे डबा घेऊन बाहेर गेलेलं नव्हतं. गेली होती ती मंजुळा.

खतीजाबी दिवसातून दोनदा यायला लागली. पण दोनदानं काय होणार? बाकीच्या वेळी भागवतनं स्वतः करून बघितलं. डबा भरला, हातात दिला आणि म्हणाला, "चल मंजुळा."

मामींनी त्याच डब्यानं त्याच्या पाठीत हाणलं. "मेल्या, बायांच्या मागं येतोस व्हय? बापाला सांगते तुझ्या!"

खतीजाबीनं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आपली जुनी हिरवी ओढणी घेऊन आली. "घे. ओढ डोक्यावरून. तोंड दाखवायचं न्हाई, पुढं चालायचं." मग आवाजाची शिकवणी. भागवत, बावन्न वर्षांचा माणूस, अंगणात उभा राहून म्हणतोय, "चल गे मंजुळा," आणि खतीजाबी खाटेवरून सांगतीय, "पातळ कर आवाज. तू ट्रॅक्टरला बोलावून राहिला का?" चौथ्या दिवशी त्याचा आवाज जमला. मामी उठल्या, त्याच्या मागं गेल्या, डबा घेऊन. मी त्या पहाटे भिंतीशी उभी होते. मग माझं दळण होतं, गिरणीवर गेले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

नारळवाल्या बायांना भागवतनं परत पाठवलं नाही, हा त्याचा वात्रटपणा. ओढणी खांद्यावर होतीच. नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं, आणि शेळीवालीला म्हणाला, "ग्यानबाच्या मळ्यात बघा." शेळी तिथंच निघाली. त्यानं सकाळीच तिथं पाहिली होती. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? पुढच्या मंगळवारी सात बाया.

मग भागवतनं सगळंच कुकरसारखं बसवलं. मला म्हणाला, "वहिनी, शिट्टी व्हायची वाट बघितली की फुटतंच. आधी वाफ काढायची." उठल्याबरोबर एकदा, चहानंतर थोड्या वेळानं, जेवणानंतर, झोपायच्या आधी, आणि मधे दर दोन तासांनी. मोबाईलला अलार्म लावला, आणि अलार्म कसला? कोंबडा आरवण्याचा! आईला पहाट वाटावी म्हणून. दिवसातून आठ वेळा आमच्या गल्लीत पहाट व्हायला लागली. संडासात पाय ठेवायच्या जागेला लाल रंग दिला, पांढऱ्यात पांढरं मामींना दिसतच नव्हतं. धरायला पाइप ठोकला. दस्तगीरनं शिवलेली लुगडी करून दिली. वरून बघाल तर नऊवारी, कासोटा-बिसोटा सगळं, आणि कमरेला आत इलॅस्टिक. ओढलं की खाली. दोरीवर सहाची दोन झाली, दोनाची कधी एक, कधी एकही नाही. मामी दाराच्या मागं वाकायला लागल्या की भागवत घड्याळाकडं बघत नसे, डब्याकडं धावत असे.

हळद आली तेव्हा त्यानं कुकर गावाजवळच्या रानांपुरताच फिरवला. वाफ धरायला वेळ लागतो, तेवढ्यात मोटारसायकलवर घरी येऊन, ओढणी घेऊन, परत. काही वेळा ओढणी डोक्यावर तशीच राहायची आणि मजूर बघत बसायचे.

आणि वैशाखात आकांक्षाचं लग्न ठरलं. कळमनुरीच्या मंगल कार्यालयात.

आकांक्षानं दोन गोष्टी सांगितल्या. कन्यादान पप्पाच करणार, बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावून. आणि आजी पहिल्या सोफ्यावर बसणार. आई गेल्यावर तिची वेणी आजीनंच घातली होती.

हरिचंद आठ दिवस आधी आला, बायकोला, प्रियदर्शनीला, घेऊन. अंगणात खुर्च्या टाकून बोलणी झाली, मी वाळवणाच्या निमित्तानं बाहेरच होते.

"दादा, नवऱ्याकडची मानसं मोठी हायेत," हरिचंद म्हणाला. "भर मांडवात काही झालं तर? तिला घरीच ठेवू. एखादी बाई बसवू सोबत."

"आई मांडवात बसंल."

"अन् सोफा ओला झाला तर?"

"धुवून देऊ. सोफाच हाये. देव न्हाई."

"तुला लाज न्हाई वाटत, पन पोरीला सासरी ऐकावं लागंल न आयुष्यभर! आजी मांडवात…"

हे भागवतच्याही पोटात होतं. त्या दिवसापासून लग्नापर्यंत त्याला आचाऱ्याची काळजी नव्हती, आहेराची नव्हती. एकच, की आई कोरडी मांडवात बसली पाहिजे आणि कोरडी उठली पाहिजे. आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन त्यानं संडास बघितला. आत लाल पट्टी चिकटवली, दारामागं डबा ठेवला. मॅनेजर विचारत होता, "काका, नवरदेवासाठी का?"

एक गोची मात्र झाली. खतीजाबीची नात उझ्मा शिरड शहापूरला बाळंत व्हायची होती, खतीजाबीला जावं लागलं. जाताना ओढणी मला देऊन गेली. "भागवत कन्यादानाला बसंल, तवा तू बोलाव," म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय! बोलण्याच्या कामाला मला कुणी हरवलंय का?

लग्न लागलं. मामी पहिल्या सोफ्यावर, शिवलेलं जांभळं लुगडं, आत जुन्या धोतराची घडी घातलेली. अक्षता टाकल्या, निम्म्या स्वतःच्याच डोक्यावर. अक्षता पडायच्या आधी भागवतनं त्यांना एकदा नेऊन आणलं होतं. मग तो कन्यादानाला बसला. हातात लेकीचे हात, खाली परात. आणि भटजींनी वरून पाण्याची धार सोडली.

पाण्याची धार बघून माणसाला काय आठवतं, ते मी सांगायला नको.

त्याच क्षणी भागवतच्या खिशात कोंबडा आरवला. कुकूऽऽचकूऽऽ! माईक जवळ होता, तो आवाज पंगतीपर्यंत गेला. नवऱ्याकडच्या दोन रांगा हसायला लागल्या. भागवतचे हात गुंतलेले, खिशात कोंबडा थांबेना. आणि मामी उठल्या. सोफ्याच्या मागं वाकून बघायला लागल्या. मग फोटोवाल्याच्या दिव्यामागं.

प्रियदर्शनी धावली. "आत्या, चला."

"न्हाई."

मी ओढणी काढली, डबा घेतला. पुढं झाले. "मामी, चला न."

"म्या काहून येऊ?" मामी म्हणाल्या, आणि फोटोवाल्याचा पडदा उचलून बघितला.

मला माहीत होतं काय म्हणायचं ते. तोंड उघडलंही. पण सासूच्या वयाच्या बाईला, चारशे माणसांसमोर, नुसतं नाव घेऊन, अगे-तुगे? अख्ख्या गावाची नावं घेणारी माझी जीभ, तिला तिथंच कुलूप लागलं. मामींची बोटं आता निऱ्यांवर आली होती. वेळ उरला नव्हता. भागवत वरून बघत होता. माझ्याकडं नाही, हरिचंदकडं.

हरिचंदच्या डोक्यावर गुलाबी फेटा, अंगात कोट. त्यानं नवऱ्याकडच्या रांगांकडं बघितलं, एकदा आईकडं बघितलं, आणि माझ्या हातातून ओढणी ओढून घेतली. फेट्यावरूनच डोक्यावर टाकली. डबा उचलला. आईकडं पाठ केली आणि आठ दिवस दादाच्या तोंडून ऐकलेलं म्हणाला, "चल गे मंजुळा."

आवाज फाटला. पुन्हा म्हणाला, पातळ, "चल गे. उजेड होईल न!"

दुपारचे पावणेएक.

मामींनी मान वर केली. "आले की गं. थांब जरा, पळतीस काहून?" म्हणाल्या, आणि ओढणीचं टोक मुठीत धरून त्याच्या मागं निघाल्या. मांडवाच्या मधल्या वाटेनं, खुर्च्यांमधून, कोटवाला हरिचंद पुढं आणि त्याची आई मागं. हसणं होतं तिथंच थांबलं. भटजींचीही धार थांबली होती, ती परत सुरू झाली.

मी मागून गेले, दार राखायला. हरिचंद दाराला टेकून उभा राहिला. आता गप्पा मारायच्या असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं. म्हणाला, "ग्यानबाची म्हैस व्याली, गे." आतून आवाज आला, "पारडी का टोनगा?" "पारडी." "मंग बरं झालं," मामी म्हणाल्या. हरिचंद ओढणीनं तोंड पुसत राहिला. घाम आला असेल.

मामी बाहेर आल्या. मी निऱ्यांना हात लावून बघितलं. कोरडं. घडीसुद्धा कोरडी. मी तिथंच भिंतीला टेकून हसायला लागले. वर स्टेजवरून भागवत बघत होता. मी हात वर करून खुणावलं. त्याचे खांदे एकदम खाली आले, आणि भटजी "जोरात म्हणा" म्हणाले तेव्हा तो एवढ्या जोरात मंत्र म्हणाला की माईक किंचाळला.

नवरा-नवरी पाया पडायला आली. मामींनी आकांक्षाची हनुवटी धरली. "कुनाची पोरगी गं ही? गोड हाये," म्हणाल्या, आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "कुनाची का असंना, सुखी ऱ्हा." नवरदेवाची आई सोफ्यावर मामींच्या शेजारी येऊन टेकली आणि हळूच मला म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं बी असंच चालू हाये हो. घरी ठेवून आलो. ती हाक काय मारली तुमी, जरा सांगा बरं." मी सांगितली. ह्या खेपेला नाव घेऊन, पण कानात.

पंगती उठत आल्या तेव्हा भागवत सोफ्यापाशी येऊन बसला. कमरेची सुपारी काढली, टोपी काढली, पाय लांब केले. दोन वर्षांत मी त्याला असं बसलेलं बघितलं नव्हतं. शेजारी मामी बुंदीचा दाणा दाणा वेचून खात होत्या. हरिचंद पाठीमागं उभा, ओढणी अजून खांद्यावर, काढायची विसरलेला. एवढी चांगली संधी मी सोडणार होते का?

"भावजी," मी म्हटलं, "आता तर दोघा भावांच्या अंगात येऊन राहिलं. गावात जाऊन काय सांगू?"

भागवतनं खिशातून मोबाईल काढला, वेळ बघितली आणि म्हणाला, "गावाला काय सांगायचं ते मागून सांगतो, वहिनी. दोन तास होत आले. आधी टमरेल भरून आना."